दोन अक्षरांची जागा

डेपोतले लोक म्हणायचे, बाईंच्या बसला ब्रेक आहे, जिभेला नाही. ड्रायव्हरबाईंच्या कानावर हे आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं. रस्त्यात कुणी आडवा आला की आधी हॉर्न, आणि हॉर्नला दाद दिली नाही की मग खिडकीतून बाईंचं तोंड. त्यापुढे मात्र भलेभले आपली गाडी बाजूला घेत.

त्यांच्या मार्गावर फुटबॉल क्लबचं मैदान लागायचं. लांबलचक भिंत, मधोमध लोखंडी गेट आणि गेटाच्या डोक्यावर निळ्या अक्षरांची पाटी, ‘इथे आपली मुलं घडतात’. थांबा अगदी पाटीसमोर. म्हाताऱ्या उतरेपर्यंत आणि शाळेची पोरं दप्तरं सावरत चढेपर्यंत बाईंना समोर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे ती पाटी त्यांना तोंडपाठ होती.

नवऱ्याची बदली झाली तशा बाई या गावात आल्या. नवऱ्याची पुढे पुन्हा बदली झाली, तो आता सुट्टीपुरता यायचा, पण बाई आणि पोरगी इथंच राहिल्या. सुरुवातीला दुकानदार ‘तुमच्याकडे कसं असतं’ विचारायचे, शेजारीण ‘तुमच्या लोकांत’ म्हणायची. वाईट कुणीच नव्हतं हो, पण अख्ख्या गावात ‘आपली’ म्हणणारी ही एकटी पाटी होती. बाईंनी ती मनावर घेतली. आता तुम्हीच सांगा, यात त्यांचं काय चुकलं? ‘आपली’ म्हटलं की वाचणारा त्यात आलाच ना! मराठीत बोलणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा.

बाईंच्या पोरीला गल्लीत ‘टोपली’ म्हणायचे. बॉल कुठूनही येवो, तिच्या हातात पडला की आवाजसुद्धा न करता तिथंच राहायचा, म्हणून टोपली. शाळा सुटली की ती क्लबच्या भिंतीला टेकून आईच्या बसची वाट बघायची, आणि भिंतीपलीकडून येणारे आवाज ऐकत बसायची. कोण कुठून किक मारतोय, हे तिला न बघता कळायचं. आठवीत गेल्यावर एक दिवस ती म्हणाली, “आई, क्लबात मुलींची निवड आहे. जाऊ?”

“विचारायचं काय त्यात? पाटी वाचली नाहीस का?” बाई म्हणाल्या आणि त्या दिवसाची रजा टाकून मोकळ्या झाल्या.

निवडीच्या दिवशी मैदानावर बऱ्याच मुली होत्या. कोचताईंनी टोपलीला गोलपोस्टसमोर उभं केलं आणि दोन्ही कोपऱ्यांतून उंच बॉल मारायला लावले. पहिलाच बॉल गर्दीच्या डोक्यावरून आला. टोपली पुढे धावली आणि घसा फाडून ओरडली, “आपला!”

पायऱ्यांवर बसलेले क्लबचे अध्यक्ष ताडकन उभे राहिले.

त्याचं असं आहे, की बाकी सगळीकडे गोलकीपर ‘माझा!’ म्हणून ओरडतो, म्हणजे स्वतःच्याच खेळाडूंनी मध्ये तडमडू नये. या क्लबात मात्र ‘माझा’ म्हणायची सोय नव्हती. इथं ‘आपला!’ म्हणायचं. कुणी ‘माझा’ म्हटलं की अध्यक्ष त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. अध्यक्ष स्वतः एके काळचे क्लबचे गोलकीपर, आता बेकरीचे मालक. भट्टीवरचा सगळा कारभार नोकरांवर सोडला होता, पण मैदानावरचा एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नसत. आणि ही कुठलीशी नवी पोरगी पहिल्याच बॉलला न सांगता ‘आपला’ म्हणाली होती. भिंतीला टेकून फुकट थोडंच बसली होती ती!

कोचताईंना तर काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी टोपलीचे हात उलटेसुलटे करून बघितले. “बॉल पकडताना हात मागे घेतेस, तो जसा येतो तसा घेतेस. कुणी शिकवलं?”

“आजीनं,” टोपली म्हणाली.

“मग काय, आजी इथल्याच असणार!” अध्यक्ष खूश होऊन खाली आले. “कुणाची गं तू?”

“ड्रायव्हरबाईंची.”

“ते दिसतंय मला, रोज हॉर्न ऐकतो मी. पण मूळची कुठली? आजी-आजोबा कुणाकडचे?”

टोपलीनं खरं ते सांगितलं. दोन्हीकडचे आजी-आजोबा डोंगरापलीकडचे, चौघांतलं या गावचं कुणीच नाही. अध्यक्षांचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंना बाजूला बोलावलं.

“बाई, पोरगी सोनं आहे. पण नियम आहे. क्लबच्या ॲकॅडमीत यायचं तर आजी-आजोबांपैकी निदान एक जण या गावात जन्मलेलं लागतं.”

“बाहेर तर ‘आपली मुलं’ लिहिलंय. नियम असा आहे तर सरळ लिहा की तसं.”

“हो ना. आपली म्हणजे... आपलीच की. इथली.”

“मी रोज तुमच्या दारात बस उभी करते. मग मी कुठली?”

“अहो, तुम्ही आमच्याच आहात, पण...”

“आमच्याच आहात आणि पण! दोन्ही एका वाक्यात?” बाईंचा आवाज चढला, तशा चार मुली वळून बघायला लागल्या.

अध्यक्षही काही लेचेपेचे नव्हते. “रागवा, पण ऐकून घ्या,” ते म्हणाले. “मोठे क्लब पोरं कशी घेतात माहीत आहे? दलाल फिरतात त्यांचे. बाजारात भाजी निवडावी तशी पोरं निवडतात, घरापासून लांब नेतात आणि गुडघा दुखावला की बॅग हातात देऊन परत पाठवतात. आमच्याकडे तसं झालेलं नाही. का? तर इथल्या प्रत्येक पोराची आजी कुठंतरी याच गल्ल्यांत असते. पोराशी वाईट वागलो तर दुसऱ्या दिवशी तिला तोंड कसं दाखवायचं? तो नियम म्हणजे आमच्या मानेवरचा हात आहे, बाई. म्हणून आम्हाला त्याचा अभिमान आहे.”

म्हणजे बघा, माणूस खोटं बोलत नव्हता. तो नियम त्यानं पोरांना बाहेर ठेवायला केलेला नव्हता, आतल्या पोरांना जपायला केला होता. बाईंना ते पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच राग आला.

“मग मला दाखवा की तोंड,” त्या म्हणाल्या. “मी रोज समोर असते. आणि दलाल काय पाटी वाचून येतो का? पाटी वाचून मी आले. माझी आई शेवटची चार वर्षं इथंच होती माझ्याकडे. याच गावात गेली ती.”

“जन्म लागतो, बाई.”

“मरण चालत नाही?”

रविवारी कमिटी बसते, तिच्यापुढे या, एवढं बोलून अध्यक्ष पायऱ्या चढून गेले.

दोन दिवसांनी संध्याकाळी कोचताई घरी आल्या आणि सोबत शिवणवाल्या आजींना घेऊन आल्या. या आजींचं क्लबच्या गेटाशेजारी शिवणाचं दुकान. क्लबचे शर्ट आखूड करणं, चड्डीला नाडी घालणं, फाटलेलं रफू करणं, सगळं त्यांच्याकडे. सात पिढ्या याच गावातल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी मुद्द्याला हात घातला.

“रविवारी सांगायचं, मी पोरीची आजी आहे. तुझ्या आईची लांबची बहीण म्हणा, मावशी म्हणा, काय जोडायचं ते जोडा. कोणी खोलात जात नाही. क्लबच्या तीन पोरांची कागदोपत्री आजी आहेच मी. त्यातल्या एकाची तर दोन्हीकडून!”

टोपली खुदकन हसली. कोचताई मात्र हसल्या नाहीत. “अध्यक्षांनाही माहीत आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “ते डोळेझाक करतात. नियमही राहतो आणि पोरंही राहतात. बाई, अशी कीपर मी पुन्हा बघणार नाही. फक्त हो म्हणा.”

बाईंनी दोघींना चहा दिला, शिवणवाल्या आजींचे मनापासून आभार मानले आणि सांगितलं, “हे माझ्याच्यानं होणार नाही.”

दोघी गेल्यावर पोरीनं घर डोक्यावर घेतलं. “एक वाक्य आहे, आई! ‘ह्या माझ्या आजी.’ संपलं. तुझं काय जातंय?”

“आणि ती?” बाईंनी भिंतीवरच्या आपल्या आईच्या फोटोकडे बोट दाखवलं. “तिला काय सांगू? जरा बाजूला सरक, तुझी जागा दुसरीला हवी आहे?”

“ती असती तर म्हणाली असती, खेळ गं तू, माझं काय घेऊन बसलीस!”

ते अगदी खरं होतं. फोटोतली म्हातारी तशीच होती. तिनं जन्मभर इमारतींच्या कामावर विटा झेलल्या. खालून एकानं वीट वर फेकायची, बांबूच्या परांचीवर उभ्या असलेल्या हिनं ती वरच्या वर झेलायची आणि मागच्याला द्यायची, दिवसभर. वीट सुटली तर खाली माणूस आहे, हे डोक्यात पक्कं. तिच्या हातून वीट सुटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. इथं मुलीकडे राहायला आल्यावर तिला स्वस्थ बसवेना, तेव्हा नातीला समोर उभी करून ती बटाटे फेकायची. “धरायला जाऊ नकोस. येऊ दे, आणि तिच्यासंगं हात मागं घे,” असं सांगायची. बटाट्याला ती वीटच म्हणायची. गल्लीतली टोपली तिथं स्वयंपाकघरात तयार झाली होती.

तिची लेक म्हणवून घेताना बाईंची छाती फुगायची, आणि त्यात त्यांना काही लपवायचं नव्हतं. पण खेळणार होती पोरगी. अभिमान आपला आणि त्याचं ओझं तिच्या डोक्यावर, हा कुठला न्याय? बाई बराच वेळ कणीक मळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “तोंड तुझं आहे, आजीही तुझी आहे. रविवारी तूच बोल. जे बोलशील त्यात मी मध्ये पडणार नाही.”

“आणि नंतर रागावणार नाहीस?”

“रागावेन. पण दाखवणार नाही.”

रविवारी कमिटी बसली ती कपडे बदलायच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर. खाली सुकत घातलेल्या बुटांचा वास जिन्यातून थेट वर येत होता. भिंतीभर जुन्या संघांचे फोटो, त्यातल्या एका फोटोत तरुण अध्यक्ष बॉल पोटाशी धरून बसलेले. समोर टेबल, टेबलामागे पाच-सहा माणसं. प्लंबर, शाळेचे निवृत्त शिपाई, चष्म्याचे दुकानदार, सगळे क्लबचे जुने खेळाडू. शिवणवाल्या आजी इस्त्रीचे कपडे घालून कोपऱ्यात आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी टोपलीला डोळा मारला.

अध्यक्ष त्या दिवशी भलतेच गोड बोलत होते. “घाई नाही, बाळा. नीट आठवून सांग. या गावातली कुणी आजी आहे का तुला?” आणि त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, पुन्हा पोरीकडे बघितलं, पुन्हा कोपऱ्याकडे बघितलं. म्हातारा खरंच धडपडत होता हो. पोरगी त्याला हवी होती. फक्त ते एक वाक्य तिच्या तोंडून यायला हवं होतं.

आपल्याला कुठलं उत्तर ऐकायचंय, हे बाईंचं बाईंनाही कळत नव्हतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि फोटोतल्या बॉलकडे बघत राहिल्या.

“आठवायचं काय त्यात?” टोपली म्हणाली. “ह्या आजी खूप चांगल्या आहेत. मला आवडतात. पण माझी आजी दुसरी होती.”

शिवणवाल्या आजींनी कपाळावर हात मारला.

“ती विटा झेलायची,” टोपली पुढे बोलली. “परांचीवर उभी राहून. एकही सोडली नाही कधी. कोचताईंनी मला विचारलं होतं, हात असे कुणी केले. तिनं केले.” तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. रुंद तळवे, लांब बोटं, वयाच्या मानानं जरा मोठेच हात. “हे तिचेच आहेत. सगळे म्हणतात, हात हवेत. मग ती का नको? मी हात घेऊन आत येऊ आणि तिला गेटाबाहेर उभी करू, असं कसं करायचं? मला नाही येत ते.”

प्लंबरनं खिडकीबाहेर बघितलं. अध्यक्ष त्या हातांकडे बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे हात टेबलाखाली गेले होते.

आता गोष्टीतल्या माणसानं इथं विरघळायला हवं होतं. पण अध्यक्ष हाडाचे हट्टी. त्यांना रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. “मग नियमात बसत नाही,” ते खेकसले. “मी काय करू? सांगा ना, मी काय करू? आणि सगळा घोळ त्या पाटीमुळे होतो. लोक वाचतात, आशा लावून येतात, आणि आमच्या जिवाला घोर. बाईंचं बरोबर आहे. आपल्याला जे म्हणायचंय ते सरळ लिहावं. पेंटरला बोलवा. ‘आपली’ काढा आणि ‘आमची’ लिहा. इथे आमची मुलं घडतात. मग कुणाची फसगत नको.”

जिना उतरताना बाईंनी पोरीचा हात इतका घट्ट धरला होता, की शेवटी तीच म्हणाली, “आई, दुखतंय.”

“दुखू दे,” बाई म्हणाल्या. “मला तुझा इतका अभिमान वाटतोय की काय करू तेच कळत नाहीये.”

“पण मी आत नाही ना गेले.”

“नाही गेलीस.”

घरी गेल्यावर पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. बाई शेजारी बसून राहिल्या. खोटी समजूत त्यांनी घातली नाही, ती त्यांना जमतच नव्हती.

पेंटर आला त्या सकाळी बाईंचीच फेरी होती. बस थांब्याला लागली आणि समोर गेटाला शिडी. खाली अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे. पेंटरनं ‘आपली’मधला ‘आ’ तसाच ठेवला होता, पुढच्या दोन अक्षरांवरचा पांढरा रंग सुकत आला होता आणि तो पुरता वाळायची वाट बघत पेंटर वर विडी न पेटवता तोंडात धरून बसला होता. पांढऱ्यावर जाड पेन्सिलीनं ‘मची’ काढून ठेवलेलं होतं.

“बाई, बघू नका तिकडे,” कंडक्टर मागून म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं, अख्ख्या डेपोला माहीत होतं.

“का बघू नको? मीच सांगितलं होतं, सरळ लिहा म्हणून,” बाई म्हणाल्या. पण गिअरवरचा हात हलला नाही.

तेवढ्यात शिवणवाल्या आजी दुकानाचं दार उघडायला आल्या. किल्ली कुलपात तशीच सोडून त्यांनी मान वर केली आणि मोठ्यानं वाचलं. “इथे... आमची... मुलं... घडतात. आमची म्हणजे कुणाची रे?”

“आमची म्हणजे आमची,” अध्यक्ष म्हणाले. “गावाची.”

“तसं नाही वाटत वाचून. कुणीतरी दुसराच मला सांगतोय असं वाटतंय, की ही आमची मुलं, तुझी नाहीत. म्हणजे कमिटीची का? जन्मभर मी ही पाटी वाचत दुकान उघडतेय. तुझ्या चड्डीची नाडीसुद्धा मी घातली आहे, विसरलास? आणि आज मलाच बाहेर काढलंस होय!”

“अहो, तुम्हाला कोण बाहेर काढतंय! तुम्ही तर इथल्याच...”

“मग वाच की तूच! मोठ्यानं वाच!”

बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. “आमची मुलं म्हणे,” कुणीतरी म्हणालं. “माझा मुलगा खेळतो इथं, मग मी कोण?” पलीकडच्या खिडकीतून आणखी कुणी विचारलं, “क्लब विकला की काय?” एक आजोबा तर उतरायचंच विसरले. त्यांचे पणजोबा याच गावात जन्मले होते, आणि तेही पाटीकडे असे बघत होते जसं काही त्यांनाच गेटावर अडवलंय.

अध्यक्ष पाटीखालून बाजूला झाले, रस्त्यावर आले आणि बसच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी पाटी वाचली. आधी मनात, मग ओठ हलवून. बाईंना समोरच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. त्या जागेवरून ती पाटी रोज वाचायची बाईंना सवय होती, अध्यक्षांना नव्हती. ते कायम आतच असायचे.

“‘मूळच्या गावकऱ्यांची’ असं लिहिता येईल?” त्यांनी वर विचारलं. आवाज पडला होता.

“अहो साहेब, इथं जागा दोनच अक्षरांची आहे,” पेंटर वरून म्हणाला. “‘मची’ बसतंय. दुसरं काय बसतंय ते सांगा, तेच काढतो. रंग वाळला.”

ज्या माणसानं आयुष्यभर धावत्या बॉलवर एकच शब्द ओरडला होता, त्याला दुसरा शब्द मोठ्यानं म्हणायचा होता, आणि तो घशातून बाहेर येत नव्हता. मागं कुणीतरी हॉर्न मारला. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला असा काही दम भरला, की तो पुन्हा वाजवायच्या फंदात पडला नाही.

“होतं तेच लिही,” अध्यक्ष म्हणाले.

“काय?”

“बहिरा आहेस का? होतं तेच लिही! आपली!”

“मग माझ्याकडून पुसून कशाला घेतलंत?”

“चुकलं म्हणून. लिही आता, ठळक लिही.”

शिवणवाल्या आजींनी नाक उडवलं, कुलूप काढलं आणि दुकानात गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “आता माझी तीन नातवंडं गेली म्हणायची.” त्यांना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

अध्यक्ष बसच्या खिडकीखाली आले. त्यांनी वर बघितलं, आणि बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हॉर्नला हात लावला नाही.

“पाटी तीच राहणार असेल, तर नियम पाटीप्रमाणे चालायला हवा,” अध्यक्ष म्हणाले. “कमिटीत भांडणं होतील. होऊ देत, मी आहे. तुम्ही म्हणालात ते डोक्यातून जात नाहीये, दलाल पाटी वाचून येत नाहीत. जे वाचून येतात आणि इथंच राहतात, त्यांचंच तोंड आम्हाला रोज बघायचं असतं. तुमचं बघावं लागतंच आहे.”

“लागणारच आहे. माझा मार्ग बदलत नाहीत डेपोवाले,” बाई म्हणाल्या.

“पोरीला संध्याकाळी पाठवा. आणि एक सांगा तिला.” अध्यक्ष खिडकीच्या आणखी जवळ आले. “येताना आजीचं नाव सांगायचं. त्या दिवशी इतका वेळ आजी आजी करत बसलो आणि नावच विचारलं नाही मी. भिंतीवर संघाच्या फोटोखाली प्रत्येक खेळाडूला कुणी शिकवलं ते लिहितो आम्ही. तिथं लागेल.”

बाईंनी मान हलवली. बोलल्या असत्या तर फजिती झाली असती. विटा झेलणारी म्हातारी, जिला आपलं नाव नीट लिहिताही येत नव्हतं, आता त्या भिंतीवर लिहिली जाणार होती. दुसऱ्या कुणाची होऊन नाही, आपल्याच नावानं.

“बाई, रडताय की काय?” कंडक्टरनं मागून विचारलं.

“गप बस आणि घंटी मार,” बाई म्हणाल्या.

घंटी वाजली आणि बस हलली. वळणावर बाजूच्या आरशात त्यांना पाटी दिसली. ‘प’ काढून झाला होता आणि पेंटर ‘ली’च्या वेलांटीवर वाकला होता. उतरायचं विसरलेले आजोबा मागून ओरडत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी कुणालाही न बोलता बस थांबवली.